नाव वऱ्हाडी, हाल मुलीच्या बापाचे

पुण्या-मुंबईकडच्या माणसासमोर ‘वऱ्हाडी’ हा शब्द काढला की त्याला दोनच गोष्टी आठवतात. एक, लग्नाला आलेला पाहुणा. दुसरी, नाटक-सिनेमातला हसवणारा गडी, जो ‘मले-तुले’ करतो, ‘कायले’ विचारतो आणि दर वाक्याला ‘बाप्पा’ जोडतो. अमरावती-अकोल्याचा कास्तकार या दोन्हींत बसत नाही. तो कुणाच्या लग्नात फुकट जेवायला बसलेला नाही, आणि त्याच्या घरात हसण्यासारखे फारसे उरलेलेही नाही. तरी नाव त्याला हेच चिकटले आहे.

कापसाच्या भावाचा प्रश्न पुढे असताना हे नावाचे पुराण कशाला, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की नाव आणि भाव यांचे नाते वाटते त्यापेक्षा जवळचे आहे. ‘नागपुरी’ म्हटले की संत्र्याला गिऱ्हाईक मिळते. ‘उमरा’ म्हटले की एके काळी लिव्हरपूलचा दलाल आपल्या कापसाचा भाव पाडायला बसायचा. मुलखाचे नाव कोण ठेवतो, कोणत्या कागदावर लिहितो आणि त्याचे पैसे कुणाच्या खिशात जातात, याचा हिशेब शेतकऱ्यानेच मांडला पाहिजे. दुसरे कुणी तो आपल्यासाठी मांडणार नाही.

लग्नाची कथा

आपल्याकडे घरोघरी सांगितली जाणारी कथा रुक्मिणीची. विदर्भाचा राजा भीष्मक, त्याची राजधानी कौंडिण्यपूर. हे गाव आजही तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी आहे. रुक्मिणीचे लग्न शिशुपालाशी ठरले, वऱ्हाड आले आणि ऐन वेळी श्रीकृष्णाने तिला पळवून नेले. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातूनच नेले, असे अमरावतीकर सांगतात. एवढे मोठे वऱ्हाड जिथे जमले, तो मुलूख वऱ्हाड. कथा गोड आहे आणि ज्या गावात ती सांगितली जाते तिथे तिला मानही आहे.

पण शब्दाचा उगम म्हणून ती धरता येत नाही. लग्ने सगळ्याच मुलखांत झाली, वऱ्हाडे सगळीकडेच गेली. एका लग्नावरून चार-पाच जिल्ह्यांच्या देशाला नाव पडत नसते. दोन शब्द कानाला सारखे लागले, म्हणून मागून कथा जुळवली गेली. गावोगावच्या नावांच्या कथा बहुतेक अशाच जुळलेल्या असतात.

नदीची कथा

दुसरा उगम अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने लिहून ठेवला आहे. मोगलांनी १५९६ साली चांदबिबीकडून वऱ्हाड घेतले. त्यानंतर ‘ऐने अकबरी’त या सुभ्याची माहिती आली. त्यात तो म्हणतो, मूळ नाव ‘वरदातट’. वरदा ही नदी आणि तट म्हणजे काठ. वरदा म्हणजे आपली वर्धा. वर देणारी ती वरदा.

हे कितपत पटते ते आपल्या रोजच्या शब्दांवर घासून पाहू. संस्कृतातला ‘वट’ आपल्या तोंडी ‘वड’ झाला. ‘तट’ ‘तड’ झाला. काम तडीस नेतो म्हणजे काठाला लावतो, तीच ही तड. शब्दाच्या मधले त आणि द तर आपण सर्रास गिळतो. ‘माता’ची ‘माय’ झाली, ‘पाद’चा ‘पाय’ झाला. मग ‘वरदातट’मधले द आणि त गळाले, शेवटच्या ट चा ड झाला, तर ‘वराड’ उरते. मधला ह राहतो. पण फारसी लिहिणाऱ्यांनी ‘बरार’ असे लिहिले, त्यात ह नाही. फारसीत ह चे अक्षर आहे, ऐकू आला असता तर त्यांनी तो लिहिला असता. व चा ब करायची उत्तरेची खोडच आहे. आपला ‘वन’ त्यांचा ‘बन’, आपला ‘विवाह’ त्यांचा ‘ब्याह’. ड चे अक्षर मूळ फारसीत नाही, म्हणून तिथे र बसला. असा वऱ्हाडचा ‘बरार’ झाला आणि इंग्रजाच्या जिभेवर त्याचा ‘बेरार’ झाला.

या कथेतही एक खोट काढता येते. वर्धा ही वऱ्हाडची पूर्वेची कड आहे. अकोला, बाळापूर, दर्यापूर, मूर्तिजापूर हा सगळा पायनघाट पूर्णेच्या खोऱ्यात येतो. पूर्णा पश्चिमेला तापीकडे जाते, वर्धा दक्षिणेला गोदावरीच्या पाण्यात मिळते. मग पूर्णेकाठच्या माणसाला वर्धेकाठचा का म्हणावे? याला उत्तर आहे. मुलखाला नाव बहुधा त्याच्या शिवेवरून पडते, आणि वर्धा फार जुनी शीव आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात विदर्भाचे राज्य दोन चुलतभावांत वाटले जाते, तेव्हा धुरा म्हणून हीच वरदा नदी धरली जाते. १८०३ साली अडगाव आणि गाविलगडच्या लढायांनंतर देवगावच्या तहात भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला, तेव्हाही धुरा हीच. भाऊबंदकीची वाटणी असो की परक्याचा तह असो, मोजणीदाराने दर वेळी दोरी वर्धेवरच धरली.

विदर्भाचा गाभा

तिसरे मत असे की ‘विदर्भ’ याच शब्दाचा अपभ्रंश होऊन ‘बेरार’ किंवा ‘वऱ्हाड’ झाले. इंग्रजांच्या १९०८ च्या मोठ्या गॅझेटियरातही ‘कदाचित’ म्हणून हे मत नोंदलेले आहे. पंडितांत अजून एकमत नाही. पण जनावरे पाळणारा माणूस या मताची परीक्षा गोठ्यातच करू शकतो. ‘गर्भ’ या शब्दाचा मराठीत ‘गाभा’ झाला, गर्भिणी गाय ‘गाभण’ झाली. म्हणजे ‘र्भ’ मधला र जातो आणि भ राहतो. तोच न्याय ‘विदर्भ’ला लावला तर शेवटी भ शिल्लक राहायला हवा. ‘वऱ्हाड’मध्ये भ कुठेच नाही, उलट जो र जायला हवा तोच ठाण मांडून बसलेला आहे आणि शेवटी ड आलेला आहे. म्हणून आमचा कौल नदीच्या बाजूने आहे. विदर्भ हे पोथीतून आलेले नाव, वऱ्हाड हे तोंडातून आलेले नाव. दोन्ही जुनी आणि दोन्ही आपली, पण एकातून दुसरे निघालेले नाही.

हा फरक आजही कामाचा आहे. विदर्भात अकरा जिल्हे आहेत. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, आणि १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम. भंडारा-गोंदियाची धानाची झाडीपट्टी वेगळी, आपली काळ्या जमिनीची कोरडवाहू पऱ्हाटी वेगळी. वरच्या कचेरीत ‘विदर्भ’ म्हणून एकच आकडा लिहिला जातो, तेव्हा धरणाखालची धानाची बांधी आणि खारपाणपट्ट्यातले वावर एकाच सरासरीत जाते. ज्या विहिरीचे पाणी पिकाला देता येत नाही, त्या विहिरीचा कास्तकार त्या सरासरीत सापडत नाही.

राजकन्या वैदर्भी, वेचणारी वऱ्हाडी

आता विशेषणाची गंमत पाहा. ‘विदर्भ’चे विशेषण ‘वैदर्भी’. जुन्या ग्रंथांत ते दमयंतीला लागले, रुक्मिणीला लागले. पुढे काव्याच्या शैलीलाही लागले. दंडीने ‘काव्यादर्शा’त काव्याचे दोन मार्ग सांगितले, वैदर्भ आणि गौड. त्याला वैदर्भ मार्ग चांगला वाटला, कारण त्यात गोडवा आहे आणि अर्थ चटकन कळतो. वामनानेही वैदर्भी रीतीला वरचा मान दिला. राजशेखराने प्राकृतात याच रीतीला ‘वच्छोमी’ म्हटले. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. त्याच राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले, तेही वत्सगुल्मात. साहित्याच्या लग्नाचे मांडवकरी आपणच ठरतो.

म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी साऱ्या देशातले पंडित म्हणत होते की गोड आणि सरळ बोलावे तर या मुलखासारखे. आज याच मुलखाचा पोरगा शहरात जाऊन ‘डोया’ म्हणाला, ‘काया’ म्हणाला, की वर्ग हसतो. ‘ळ’च्या जागी ‘य’ येणे ही चूक आहे असे त्याला पहिल्या दिवशी शिकवले जाते. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला सिद्ध केला, हे मात्र त्याला सांगितले जात नाही. गाडगेबाबांनी उभ्या महाराष्ट्राला शहाणे केले ते याच बोलीत. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले ते २०२४ साली. उशीर झाला तरी आनंद आहे. पण विद्यापीठाची पाटी लागली म्हणून आठवड्याच्या बाजारातल्या बोलीला मान मिळाला, असे समजून चालणार नाही.

आम्हाला यात एक साधी गोष्ट दिसते. मुलूख तोच, माणसे तीच. राजकन्येला विशेषण लागले तेव्हा ते ‘वैदर्भी’ झाले आणि कानाला मंजुळ लागले. वेचणीला जाणाऱ्या बाईला लागले तेव्हा ते ‘वऱ्हाडी’ झाले आणि लोक हसू लागले. शब्दाची किंमत शब्दात नसते. तो ज्याला लागतो त्याच्या गाठीला काय आहे, त्यावर ती ठरते.

दुसऱ्याच्या कर्जात गेलेला मुलूख

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपल्या आज्या-पणज्या अभिमानाने सांगत. सोने होते यात शंका नाही. ते कुणाच्या घरी गेले ते पाहू.

१४९० साली अचलपूरला इमादशाही उभी राहिली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. १५९६ मध्ये मोगल आले. १७२४ साली बुलढाण्याकडच्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर हैदराबादच्या निजामाचा अंमल बसला. त्यात नागपूरकर भोसल्यांचाही वसुलीत वाटा, म्हणजे एकाच वावरावर दोन धनी. वऱ्हाडात याला दोअमली म्हणत. एकाला देऊन पाठ फिरवावी तर दुसरा दारात उभा.

यानंतरचा प्रकार मात्र सावकाराच्या वहीत शोभावा असा आहे. निजामाच्या नावाने एक फौज ठेवलेली होती. तिचे अधिकारी इंग्रज, तिचा हुकूम इंग्रजाचा आणि खर्च निजामाच्या डोक्यावर. खर्च थकला, त्याचे कर्ज झाले आणि १८५३ साली त्या कर्जापोटी वऱ्हाड कंपनी सरकारकडे लावून दिले. कारभाराच्या कागदांवर आपल्या मुलखाचे नाव पडले ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’, म्हणजे हैदराबादने सोपवलेले जिल्हे. १८७० साली निघालेल्या गॅझेटियरच्या मुखपृष्ठावर हेच नाव आहे, आणि सर्रास यांना बेरार म्हणतात, असे पुढे जोडलेले आहे. कर्ज कुणी काढले, फौज कुणी वापरली, आणि वसुली कुणाच्या ज्वारी-कापसातून झाली! गहाणखत म्हणजे काय ते ज्याला समजावून सांगावे लागत नाही असा वाचक आमच्यासमोर आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

१९०२ साली कर्झनसाहेबाने निजामाकडून हा मुलूख कायमचा पट्ट्याने घेतला. मक्ता ठरला वर्षाला पंचवीस लाख रुपये. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या दावणीला बांधले आणि पुढे ‘सी. पी. अँड बेरार’ हे जोडनाव रूढ झाले. १९३६ साली निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. राज्य इंग्रजाचे, मक्त्याचे पैसे निजामाला, पदवी राजपुत्राला. जमीन कसणाऱ्याला काय मिळाले? १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ त्याने चार वर्षांत पाहिले. कापसाचा पेरा वाढत गेलेला, ज्वारीचा घटलेला, पेव रिकामे. त्या दुष्काळांत याच सोन्याच्या मुलखात माणसे भुकेने आणि रोगराईने मेली.

म्हणून आम्ही म्हणतो, आपल्याला वऱ्हाडी म्हणणेच मुळात उलटे आहे. वऱ्हाडी दिल्लीहून आले, हैदराबादहून आले, लंडनहून आले, पुढे नागपूर-मुंबईहून आले. पंगती त्यांच्या उठल्या, मानपान त्यांनी घेतले. आपण होतो मुलीचे बाप. मांडव घालणारे, जेवू घालणारे आणि सगळे पांगल्यावर सावकाराकडे जाणारे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी ही गत.

गठाणीवरचे नाव

राजकारणाचे बाजूला ठेवू, बाजाराकडे येऊ. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. रेल्वे आली. खामगावचा कापूसबाजार देशात नावाजला. अमरावतीच्या नावावरून इथल्या कापसाला विलायती बाजारात ‘उमरा’ हे नाव पडले. आपल्या जिल्ह्याच्या नावाचे विशेषण सातासमुद्रापार भावाच्या तक्त्यावर लागले. पण ‘उमरा’ म्हणजे आखूड धाग्याचा, जाडाभरडा, कमी भावाचा कापूस, असा त्याचा अर्थ तिकडे बसला. लांब धाग्याचा नाव घेण्याजोगा कापूस म्हणजे ‘हिंगणघाट’.

साहेबांचा आरोप असा होता की वऱ्हाडचा शेतकरी चांगली ‘बनी’ सोडून हलकी ‘जरी’ पेरतो आणि माल बिघडवतो. १८६३ साली मुंबईत कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदासुद्धा झाला. पुढे आखूड धाग्याचे ‘रोझियम’ वऱ्हाडभर पसरले, तेव्हा हीच कुरकुर पुन्हा झाली. शेतकरी अडाणी, त्याला चांगले-वाईट कळत नाही. खरा हिशेब सोपा होता. लांब धाग्याची बनी पीक कमी देई आणि रेच्यातून रुई कमी पडे. रोझियम पीक जास्त देई, रुई जास्त पडे, आणि हलक्या पावसातही टिके. लांब धाग्याला जो जास्तीचा भाव मिळायचा तो मधल्या मध्ये जिरून कास्तकाराच्या पदरात इतका कमी पडे की घट भरून निघत नसे. त्याने जे केले ते कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याने केले असते. त्याला मात्र अडाणी म्हटले गेले आणि त्याच्या जिल्ह्याचे नाव हलक्या मालाचे नाव झाले.

नियंत्रित बाजाराचा पहिला प्रयोगही याच मुलखात झाला. १८८६ साली कारंज्याचा बाजार नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्यबाजाराचा कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांचा मूळपुरुष तो. म्हणजे देशाला बाजाराचा कायदा शिकवणारा मुलूख आपला, आणि भाव ठरताना कापडाखाली कुणाची बोटे हलतात हे पाहत उभा राहणाराही आपणच. पुढे १९७२ साली सरकारची एकाधिकार खरेदी आली. ‘महाराष्ट्राचा कापूस’ म्हणून तो राज्याबाहेर न्यायची बंदी झाली. वरुड-परतवाड्याच्या कास्तकाराला मध्य प्रदेशची सीमा सायकलच्या अंतरावर, पण पलीकडे भाव चढला तरी त्याचा कापूस तिकडे गेला की तो चोरटा माल. नावाने माल बांधला गेला, भाव मात्र बांधला गेला नाही. २००२ साली खासगी खरेदी खुली झाली तोवर तीस वर्षे उलटली होती.

संत्र्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार या अमरावती जिल्ह्याच्या तालुक्यांत संत्र्याच्या बागाच बागा आहेत. माल विकला जातो ‘नागपुरी’ म्हणून. २०१४ साली ‘नागपूर संत्रा’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. आमचे नागपूरकरांशी भांडण नाही. त्यांची बाजारपेठ जुनी, त्यांचे नाव आधी गाजले. पण धडा घ्यायचा तो हा की १९९९ च्या भौगोलिक उपदर्शनाच्या कायद्याने गावाचे विशेषण ही एक मालमत्ता झाली आहे, वावरासारखी. ज्याने सातबारा करून घेतला त्याची ती. मंगळवेढ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी हे ओळखले आणि २०१६ साली त्यांच्या ज्वारीला मानांकन मिळाले. ज्वारी आपल्याकडेही होती. वाणीचा हुरडा आपण पाहुण्यांना खाऊ घातला आणि विसरलो.

नवे विशेषण

अलीकडच्या वर्षांत सरकारने आपल्याला एक नवे विशेषण दिले आहे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, ते सहा जिल्ह्यांसाठी. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा. वरदेच्या अलीकडचे वऱ्हाड आणि पलीकडचा वर्धा जिल्हा. या सहा जिल्ह्यांना सरकारी कागदांवर आणि वर्तमानपत्रांत नाव पडले ‘आत्महत्याग्रस्त’.

हे नाव आम्हाला मान्य नाही. मरणे खोटी होती म्हणून नव्हे. ती खरी होती, आणि कोणत्या घरचा कुंकवाचा धनी गेला ते गावागावाला ठाऊक आहे. नाव मान्य नाही याचे कारण त्यात कर्ता नाही. पूरग्रस्त म्हटले की पूर कळतो, भूकंपग्रस्त म्हटले की भूकंप कळतो. आत्महत्याग्रस्त म्हटले की वाटते, या मुलखाच्या मातीलाच काही रोग आहे, इथल्या माणसाचे मनच कच्चे आहे. कापसाचा भाव, कर्जाचे व्याज, पाण्याविना पडलेली कोरडवाहू जमीन आणि वर्षानुवर्षांचे धोरण, हे सगळे त्या एका शब्दामागे लपते. सोन्याच्या कुऱ्हाडीचा मुलूख आत्महत्याग्रस्त कसा झाला, याचा जाब विचारायचा तर आधी हे विशेषण नाकारावे लागेल. लिहायचेच असेल तर ‘भावग्रस्त जिल्हे’ लिहा, ‘कर्जग्रस्त’ लिहा. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, भाव कुणी पाडला?

नाव आता रिकामे आहे

१९५० साली सी. पी. अँड बेरारचे मध्य प्रदेश झाले आणि राज्याच्या नावातून वऱ्हाड पुसले गेले. १९५६ मध्ये आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. कचेरीत आज ‘अमरावती विभाग’ आहे. बादशहाचा सुभा गेला, निजामाचा मक्ता गेला, राजपुत्राची पदवी गेली. आता वऱ्हाड हे नाव कोणत्याही गादीचे नाही. ते जिवंत आहे ते लोकांच्या तोंडी. बऱ्याच काळानंतर पहिल्यांदाच या नावाचा सातबारा कोरा आहे, आणि त्यावर आपले नाव चढवायची संधी आहे.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, बैठकीत बोलताना बोली सोडू नये. आपला कास्तकार घरात ‘मले कापसाले भाव पायजे’ म्हणतो आणि माइक हातात आला की पुस्तकी मराठीत चाचपडतो. त्याचा अर्धा मुद्दा शुद्ध बोलण्यातच खर्ची पडतो. दंडीच्या काळी या मुलखाचा मान होता तो गोडव्याचा आणि चटकन कळण्याचा. ‘मले भाव पायजे’ यापेक्षा चटकन कळणारे वाक्य आम्हाला माहीत नाही.

दुसरी, गठाणीवर नाव घालावे. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसचा शिक्का आणि अनुक्रम घालण्याची रीत घातली. शिक्का कारखान्याचा असतो. साधारण पाच क्विंटल कापसाची एक गठाण बांधली जाते, पण तो कापूस कोणत्या शिवारातला हे जिनाच्या फाटकातच संपते. शेतकऱ्यांच्या ज्या उत्पादक कंपन्या आणि सहकारी जिन आहेत त्यांनी एका गावाचा, एका वाणाचा, कोरडा आणि स्वच्छ वेचलेला कापूस वेगळा पिंजून, धाग्याची लांबी तपासून, गावाच्या नावाने गठाण बांधावी. केंद्राने २०२० साली ‘कस्तुरी’ या नावाने भारतीय कापसाची मुद्रा काढली. देशाचे नाव लागले, चांगलेच झाले. पण जास्तीचा भाव गावापर्यंत पोचायचा असेल तर गावाचे नावही त्या गठाणीवर पोचले पाहिजे. एका हंगामात शंभर गठाणी करून पाहाव्यात आणि भावात किती फरक पडला तो जमाखर्च छापावा. फरक पडला नाही तर तेही छापावे.

तिसरी, ‘आत्महत्याग्रस्त’ हा शब्द आपल्या ठरावांत, निवेदनांत आणि भाषणांत वापरू नये. जिथे तो छापून येईल तिथे साध्या पोस्टकार्डावर हरकत कळवावी आणि त्याच पोस्टकार्डावर कापसाचा उत्पादनखर्च आणि मिळालेला भाव, हे दोन आकडे लिहावेत.

ज्यांना वऱ्हाडी म्हणून हसायचे आहे त्यांनी खुशाल हसावे. आपण वरदेच्या काठचे. दुसऱ्यांच्या मांडवाचा खर्च आपण पुष्कळ वर्षे केला. त्या खर्चाची यादी घेऊनच या वेळी बैठकीला यावे. गावातला यंदाचा कापसाचा आणि ज्वारीचा खर्च, एकरी उतारा आणि हाती पडलेला चुकारा, एका कागदावर. सगळ्या गावांचे कागद एकत्र केले की वऱ्हाडी म्हणजे कोण, हे दुसऱ्या कुणाला सांगावे लागणार नाही.